तांदळातली पेज

उद्या प्रलय झाला तर जगातलं काय काय उरेल हे मला सांगता येणार नाही, पण आमच्या कंपनीतल्या प्रत्येक ड्रमावर कधी, कोणी, कुठलं लेबल चिकटवलं याची यादी नक्की उरेल. कारण ती कर्जत तालुक्यातल्या एका घरात, तांदळाच्या डब्यात तळाशी, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत आणि लुगड्याच्या एका जुन्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेली आहे. ही पद्धत घालून दिली आमच्या स्टोअरवाल्या भाऊंनी. प्रलयाबद्दल त्यांचं मत विचारलं असतं तर ते म्हणाले असते, "येऊ दे की. शनवारच्या आधी येऊ नये, एवढंच." शनिवारी ते बॅकअप घ्यायचे.

आमची कंपनी रसायनीच्या मोठ्या कारखान्यांच्या पाठीमागे, मोहोपाड्याच्या अलीकडे आहे. कंपनी म्हणजे एक शेड, एक गोडाऊन, त्याच्यावर पत्र्याचं ऑफिस आणि तीस-पस्तीस माणसं. आम्ही रंगाची पेस्ट करतो. ही पेस्ट दुसऱ्या कुणाच्या तरी रंगात जाते, तो रंग तिसऱ्याच्या गाडीला लागतो, आणि त्या गाडीखाली येता येता वाचलेल्या माणसाला आमचं नावही ठाऊक नसतं. ऑफिस मी सांभाळते. हजेरी, पत्रव्यवहार, सरकारी कागद, चहावाल्याची भांडणं, सगळं माझ्याकडे. माझे वडील कर्जतला शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे लाल पेन दिसलं की माझा हात आपोआप पुढे जातो. भाऊ स्टोअरच्या वहीत 'माल आला नाय' असं लिहायचे आणि मी त्यातला 'नाय' खोडून वर 'नाही' लिहायचे. हा व्यवहार आमच्यात वीसेक वर्षं बिनतक्रार चालला. त्यांनी कधी 'नाही' लिहिलं नाही आणि मी कधी खोडायचं सोडलं नाही.

भाऊंचं आडनाव, गाव, जात, पगार हे सगळं माझ्या फायलीत होतं, पण माणूस म्हणून त्यांची ओळख एवढीच, की त्यांच्याकडे प्रत्येक गोष्ट दोन असायची. छत्र्या दोन, चष्मे दोन, खिशात पेनं दोन, सायकलच्या कुलपाला किल्ल्या दोन आणि त्याही दोन वेगवेगळ्या खिशांत. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांनी मांडवाचे दोन पत्ते छापले होते, एक अंगणातला आणि एक शाळेच्या पटांगणातला. पटांगणातला कशासाठी, असं विचारल्यावर म्हणाले, "अंगनातला बंद पडला तर?" मांडव बंद पडतो ही कल्पना दुसऱ्या कुणाला सुचली नसती. पण भाऊंचे वडील भिवपुरीच्या वीजघरात कामाला होते आणि भाऊ तिथल्या चाळीत वाढले. एक यंत्र दुरुस्तीला उघडलं की दुसरं फिरत राहतं, हे त्यांनी बाळपणी पाळण्यातून पाहिलेलं. पुढे जगात कितीतरी गोष्टी एकेकच असतात हे कळल्यावर त्यांना जो धक्का बसला, त्यातून ते कधी सावरले नाहीत. बायको तेवढी एकच होती. तिच्यासमोर हा विषय निघाला की ते घाईघाईने सांगायचे, की ही कधी बंद पडली नाय, गरजच लागली नाय.

बॅकअपचं काम त्यांच्याकडे आलं ते पोपटी रंगामुळे. फार वर्षांपूर्वी ऑफिसातला एकुलता एक कॉम्प्युटर एका दुपारी जळका वास सोडून बंद पडला आणि त्याच्याबरोबर पोपटी रंगाचा फॉर्म्युला गेला. मग चार महिने आम्ही पोपटी म्हणून जे काही केलं त्यात शेवाळ्यापासून मटारापर्यंत सगळं येऊन गेलं, फक्त पोपट आला नाही. त्या चार महिन्यांत परत आलेले ड्रम भाऊंनी स्वतः मोजून स्टोअरला लावले. शेवटचा ड्रम लावल्यावर ते वर ऑफिसात आले आणि शेठना म्हणाले, की ही पेटी एकटी हाय, हिला जोडीदार पायजे. शेठनी हसून परवानगी दिली. शेठ वाईट माणूस नव्हे, पण हसून दिलेल्या परवानग्या त्यांच्या नंतर लक्षात राहात नाहीत.

तेव्हापासून दर शनिवारी तीननंतर भाऊ स्टोअरला कुलूप लावून वर यायचे, हातपाय धुवायचे, सोवळ्यात बसावं तसे कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि दोन बोटांनी काम सुरू करायचे. पुढे हार्ड डिस्कच्या साध्या डब्या जाऊन एन्क्रिप्टेड डब्या आल्या. हा शब्द भाऊंनी एकदा म्हणून पाहिला, त्यांना तो मानवला नाही, मग त्यांनी त्याला 'कुलपी डबी' केलं. कुलपी डबी म्हणजे तळहाताएवढी, काळी. पासवर्ड दिला की आतलं सगळं दिसतं, नाही दिला तर आत नुसता कोंडा. वाटेत पडली, चोराला सापडली, तरी त्याला दाणा मिळत नाही. आणि ओळीने दहा वेळा पासवर्ड चुकला, की डबी आतलं सगळं स्वतःच पुसून टाकते. हे दहा वेळाचं कलम भाऊंना फार आवडलं होतं. दहा वेळा चुकणाऱ्याला काही दाखवण्यात अर्थच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

डब्या तीन होत्या आणि भाऊंनी त्यांना आपल्याकडच्या नद्यांची नावं दिली होती. पाताळगंगा कंपनीच्या तिजोरीत राहायची. उल्हास माझ्या घरी कर्जतला कपाटात. आणि पेज दर शनिवारी भाऊंबरोबर घरी जायची, सोमवारी परत यायची. पेज नदी त्यांच्या घराजवळून वाहते म्हणून ती त्यांची. एकदा आमच्याकडे पनवेलचा नवीन अकाउंटंट आला. पहिल्याच सोमवारी भाऊ जिना चढून धापा टाकत आले आणि म्हणाले, "म्याडम, पेज घरी राहिली. तांदळातच हाय." अकाउंटंटला वाटलं, माणूस आजारी आहे. त्याने दुपारी आपल्या डब्यातला वरणभात भाऊंपुढे ठेवला. भाऊंनी तो खाल्ला आणि मग त्याला अर्धा तास कुलपी डबीबद्दल समजावून सांगितलं. पुढच्या महिन्यात त्या अकाउंटंटने नोकरी सोडली. कारण वेगळं होतं, पण मला शंका आहे.

बॅकअप घेणं हा त्यांच्या लेखी अर्धाच भाग होता. "घेतलेला बॅकअप म्हंजे बॅकअप नाय. उघडलेला बॅकअप म्हंजे बॅकअप." म्हणून महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते बिस्किटाच्या एका डब्यातून चिठ्ठी काढायचे. चिठ्ठीवर ज्या फायलीचं नाव येईल ती पेजमधून उघडून पाहायची. मी साक्षीदार. एकदा चिठ्ठीत शेठचं एक जुनं पत्र निघालं. ते शेठनी पनवेलच्या एका कॉम्प्युटरवाल्याला लिहिलं होतं, की आमचा हा स्टोअरकीपर डब्यांच्या नादाने वेडा झालाय, काम काढून घ्यायचंय, तुमचा दर कळवा. मी पत्र वाचलं आणि भाऊंकडे पाहिलं. भाऊ चष्म्यातून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गेले, सहीपाशी थांबले आणि म्हणाले, "अक्षर ना अक्षर शाबूत हाय." आणि फाईल बंद केली. कागद उघडायचा, वाचायचा नाही, हे त्यांना कसं साधायचं कोण जाणे. मला आजही साधत नाही.

पासवर्ड वर्षातून एकदा बदलायचा. तोही एकट्याकडे ठेवायचा नाही, असा त्यांचाच नियम. दर दिवाळीनंतर ते मला गोडाऊनमध्ये ड्रमांच्या आडोशाला न्यायचे, मिक्सर चालू असायचा, आणि त्या घरघराटात माझ्या कानात नवीन पासवर्ड सांगायचे. मी तो कागदावर लिहायचे, लिफाफ्यात घालायचे, लाखेचं सील करायचे आणि तिजोरीत ठेवायचे. 'तुम्हीच लिहून द्या ना', असं मी एकदा म्हटलं होतं. तर म्हणाले, मी लिवला तर तो माझा एकट्याचा झाला, दोघांच्या हातून गेला पायजे. कागद मी लिहिला की ते त्याच्याकडे बघायचेही नाहीत, तोंड फिरवून उभे राहायचे. दुसऱ्याचं लिहिलेलं बघायचं नाही. हा सगळा सोहळा पाहून कामगारांमध्ये काय काय बोललं जायचं ते मला माहीत होतं. पण माझं वय आणि माझा स्वभाव लक्षात घेऊन ते फार टिकलं नाही.

हे असं वर्षानुवर्षं चाललं. कधी काही बिघडलंच नाही, आणि काही बिघडत नसलं की सांभाळणाऱ्याची किंमत कमी होत जाते. मागच्या वर्षी शेठनी ठरवलं, की शनिवारचं हे डबीपुराण बंद करायचं, भाऊंनी आपलं स्टोअर पाहावं. भाऊंना ते मीच सांगायचं होतं. मी ते आजचं उद्यावर ढकलत होते, तोवर भाऊंनी माझी सोय केली आणि हात मोडून घेतला. झालं असं, की त्यांच्या घरी तांदळाच्या डब्याशेजारी उंदराची लेंडी दिसली. म्हणून ते पेजला माळ्यावर हलवायला स्टुलावर चढले आणि पडले. उजवं मनगट मोडलं. कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे रजा.

रजेच्या दुसऱ्याच आठवड्यात शेठनी एका अनोळखी कुरिअरच्या नावाने आलेल्या मेलमधलं बिल उघडलं. बिल नव्हतंच ते. तासाभरात ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फायलींची नावं बदलली आणि पडद्यावर एक इंग्रजी पत्र आलं, की तुमचं सगळं आमच्याकडे बंदिस्त आहे, सोडवायचं तर खंडणी द्या. पाताळगंगा त्या वेळी तिजोरीत असायला हवी होती. पण भाऊंनी शेवटच्या शनिवारी ती कुणाला तरी जुनी बिलं बघायला उघडून दिलेली, आणि भाऊ नाहीत म्हटल्यावर ती कॉम्प्युटरला तशीच विसरलेली, उघडीच. भाऊंचा एक नियम होता, काम झालं की डबी पेटीच्या पोटात ठेवायची नाही. पाताळगंगाही गेली. त्यातच दहा दिवसांनी एका बस बांधणाऱ्या कंपनीला पिवळ्या रंगाची मोठी खेप जायची होती. तो पिवळा ज्या केमिस्टनी बसवला ते दोन वर्षांपूर्वी वारले आणि फॉर्म्युला फक्त फायलीत होता. पोपटी रंगाच्या वेळी कंपनी नवी होती, लोकांनी चालवून घेतलं. या वेळी चालवून घेणारं कुणी नव्हतं. शेठ माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाले, "ही खेप गेली तर दुसरी पाळी घरी पाठवावी लागेल." दुसऱ्या पाळीत अकरा माणसं आहेत. त्यांची हजेरी मी लावते.

मी घरून उल्हास आणली, ऑफिसच्या वाचलेल्या एकमेव लॅपटॉपला लावली आणि तिजोरीतून लिफाफा काढला. सील तोडलं. आत माझ्याच अक्षरात, नीट शिरोरेघ देऊन लिहिलेलं होतं : आम्ही काही विसरत नाही. पासवर्ड इंग्रजी अक्षरांत टाकायचा हे मला ठाऊक होतं. तसा टाकला. चुकला. दुसऱ्या स्पेलिंगने टाकला. चुकला. मी भाऊंना फोन लावला. तिकडे रेंज येत-जात होती. पासवर्ड सांगा म्हटल्यावर ते म्हणाले, "फोनवर नाय, म्याडम. लिफाफ्यात हाय तोच हाय." मी म्हटलं, चुकतोय. ते म्हणाले, "पाच झाले का थांबायचं. डबी घेऊन हिकडं या." आणि रेंज गेली. मी फोन ठेवून वळले तर शेठ लॅपटॉपसमोर बसलेले. 'नाही'ला एक ए की दोन, आय की डबल ई, असे सगळे प्रकार ते मोठ्या उत्साहाने करून पाहत होते. मी ओरडले तेव्हा माझे दोन धरून दहावा झाला होता. डबीने काही आवाज केला नाही. पडद्यावर एवढंच आलं, की ही डबी आता नवी आहे, वापरायला सुरुवात करा.

उरली पेज. ती भाऊंच्या घरी होती. मी तोच धडधाकट लॅपटॉप घेतला. तो दुरुस्तीला गेला होता म्हणून वाचला होता. गाडी काढली आणि चौक गावावरून कर्जतचा रस्ता धरला. शेठ बरोबर येतो म्हणाले. मी नको म्हटलं, आणि नको म्हणताना जरा जास्तच स्पष्ट बोलले असेन.

भाऊ पडवीत बसले होते. उजवा हात गळ्यात, डाव्या हाताने भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचा प्रयत्न चाललेला. वहिनींनी पाणी आणलं आणि माझ्या चेहऱ्यावरून काय ते ओळखून आधीच सांगून टाकलं, की पेज ठीक आहे. "ह्ये पडले ना, तवा बी डबी वर धरून पडले. मानूस आपटला, डबी नाय आपटली." भाऊंनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. ते स्वतःबद्दलचं होतं की डबीबद्दलचं, ते मला कळलं नाही.

मी सगळं एका दमात सांगितलं. पाताळगंगेचं सांगितलं, उल्हासचं सांगितलं. भाऊंनी शेंगा बाजूला ठेवल्या. "किती दाबलं?"

"दहा."

"पाचाला थांबायचं सांगितलं व्हतं."

"मी फोनवर होते. शेठनी दाबलं."

"मग बरोबर," भाऊ म्हणाले, आणि सांडलेली टरफलं एकेक करून वेचायला लागले. पंधरा वर्षं दर शनिवारी जिवापाड सांभाळलेल्या तिघींपैकी दोघी एका दिवसात गेल्या होत्या. असल्या वेळी काय बोलावं ते मला सुचत नाही आणि सुचलेलं बहुधा उपयोगाचं नसतं. मग मी पर्समधून लिफाफ्यातला कागद काढला आणि वाचून दाखवला. "आम्ही काही विसरत नाही. हेच सांगितलं होतंत ना?"

भाऊंनी मान वळवली. "ह्ये कोन बोलतंय?"

"तुम्ही."

"मी असा कवा बोललो?" ते खरोखरच बुचकळ्यात पडले होते. त्यांनी वहिनींना हाक मारली. "अगं, मी असा बोलतो का कदी?" वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "तुमी? असं तर गुरुजी बोलतात."

मग मला आठवलं. ड्रमांचा आडोसा, मिक्सरची घरघर, आणि कानात आलेला आवाज : आमी काय इसरत नाय. तो कानातून हातापर्यंत येता येता मी शुद्ध केला होता. मुद्दाम नव्हे. मुद्दाम केलं असतं तर निदान लक्षात राहिलं असतं. वहीतला 'नाय' मी लाल पेनाने तरी खोडायचे, हा तर मी उमटूच दिला नव्हता. मी भाऊंना म्हटलं, "चूक माझी आहे." ते म्हणाले, "चूक नाय, म्याडम. शुद्धच हाय ते. डबीला शुद्ध कळत नाय, इतकंच."

आता सोपं झालं असं मला वाटलं. माळ्यावर न पोचलेली पेज तांदळाच्या डब्यातूनच आली, तांदूळ झटकून लॅपटॉपला लावली. भाऊंनी सांगितलं, मी टाकलं. चुकलं. 'नाय'ला वाय की आय, विचारलं. भाऊंनी विचार करून वाय सांगितलं. चुकलं. 'आमी'ला ए एक की दोन? एक. चुकलं. चौथ्याला मी हात थांबवला. "भाऊ, तुम्हाला स्पेलिंग नक्की माहीत आहे का?"

भाऊ म्हणाले, "मला नाय म्हाईत. बोटांना म्हाईत हाय." आणि प्लास्टरातला हात थोडासा उचलून दाखवला. टाइप करणारं मुख्य बोट त्याच हाताचं होतं. भाऊ दोन बोटांनी टाइप करायचे. उजवं बोट चालायचं आणि डावं फक्त जागा सोडायला. डाव्या बोटाला काही विचारण्यात अर्थ नव्हता, ते साक्षीला होतं.

मी विचार केला. घाबरून काही होत नाही आणि शेठ इथे नव्हते ही मोठी जमेची बाजू होती. मी लॅपटॉपवर एक कोरं पान उघडलं आणि सांगितलं, की इथे टाइप करा, इथे चुकलं तरी डबीला कळत नाही. जे उमटेल ते मी बघून तिकडे टाकते. भाऊंचा चेहरा पडला. "पासवर्ड उघड्यावर लिवायचा?" मी म्हटलं, हो. "समद्यांच्या देखत?" मी म्हटलं, इथे मी आहे आणि वहिनी आहेत. भाऊंनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी पदर कमरेला खोचला आणि परसदारी गेल्या. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला कंपनीच्या गुप्ततेसाठी घराबाहेर जावं लागलं. जाताना तिने कोंबडीलाही हाकललं.

भाऊंनी गळ्यातली पट्टी सोडली. प्लास्टरातून पुढे आलेलं उजवं बोट सुजून केळ्याएवढं झालं होतं. डॉक्टरांनी हलवायचं नाही म्हणून सांगितलेलं. मी तसं म्हटलंही, पण माझ्या म्हणण्यात दम नव्हता, कारण अकरा माणसांची हजेरी माझ्या डोळ्यांसमोर होती. भाऊंनी डोळे मिटले. "बघत बसलो तर चुकल," म्हणाले. आणि ते बोट एकेका अक्षरावर जाऊन बसायला लागलं. हळू, पण कुठेही न चाचपडता, जसं एखादं जनावर आपल्या गोठ्यात जातं. दुखत होतं ते कपाळावरच्या घामावरून दिसत होतं. शेवटच्या अक्षरावर बोट थांबलं. मी पडद्यावर पाहिलं. 'आमी'ला ए दोन होते, 'इसरत'मध्ये स नंतर एक जास्तीचा ए होता, आणि 'नाय' वायनेच संपत होता. एरवी मी तो शब्द नक्की दुरुस्त केला असता.

मी एकेक अक्षर बघून तिकडे टाकलं. पेज उघडली.

पिवळा फॉर्म्युला होता. पुढे नव्याने बसवलेला पोपटीही होता. पंधरा वर्षं सगळी होती. मी लगेच शेठना फोन करायला उठले तर भाऊ म्हणाले, थांबा, अजून उघडला नाय. मला समजेना. ते म्हणाले, बिस्किटाचा डबा हापिसात राहिला, तुमी डोळे मिटून कुठल्या बी फायलीवर बोट ठेवा. मी ठेवलं. टेंपोच्या फेऱ्यांची एक जुनी यादी उघडली. भाऊंनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पाहिली. "आता उघडला," म्हणाले, आणि वहिनींना आत यायची परवानगी दिली.

बसचा पिवळा वेळेवर गेला. दुसरी पाळी आहे तिथे आहे. डबीपुराण बंद करण्याचा विषय शेठनी पुन्हा काढला नाही. उलट आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तीन डब्यांची गोष्ट अशी सांगतात, की कल्पना त्यांचीच होती. दहा वेळा कोणी दाबलं हा भाग त्यांच्या गोष्टीत नसतो. भाऊंच्या हाताला बोट हलवल्यामुळे दोन आठवडे जास्त लागले. ते त्यांनी मला सांगितलं नाही. डॉक्टरचा कागद माझ्या फायलीत आला तेव्हा कळलं.

या वर्षी भाऊ निवृत्त झाले. निरोपसमारंभाला शाल, श्रीफळ आणि शेठचं भाषण झालं. भाऊंनी दोन नारळ मागून घेतले. पेज आता माझ्या घरी, माझ्या तांदळात असते आणि भाऊंचा चिठ्ठ्यांचा बिस्किटाचा डबा माझ्या खणात. शेवटच्या शनिवारी ते हातपाय धुऊन वर आले, पण कॉम्प्युटरसमोर बसले नाहीत. मला बसवलं. नियम त्यांचाच होता. जाणाऱ्याला नवा पासवर्ड ठाऊक नको, आणि जुना त्याच दिवशी मेला पाहिजे. तो मेला आहे म्हणूनच इथे लिहिते आहे.

मी म्हटलं, भाऊ, तुमच्यासमोर बदलला तर काय बिघडणार आहे? ते म्हणाले, बिघडत नाय म्हनून तर नियम पाळायचा असतो. आणि उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, कॅलेंडरसमोर. त्यांची मान मागून बारीक दिसत होती आणि काखेत दोन्ही छत्र्या होत्या. काय ठेवायचं ते मी घरीच ठरवून आले होते. टाइप केलं, एकदा, मग खात्रीसाठी पुन्हा एकदा. माझी बोटं भाऊंच्यापेक्षा जलद चालतात, पण त्या दिवशी नाही चालली. खाली मिक्सर बंद होता, त्यामुळे प्रत्येक अक्षराचा आवाज येत होता.

"झालं," मी म्हणाले.

भाऊ लगेच वळले नाहीत. "लांब हाय," ते भिंतीलाच म्हणाले. "चांगला हाय. मी मोजलं नाय, आवाज आला." मग त्यांनी विचारलं, "म्याडम, शुद्ध नाय ना लिवला?"

"नाय," मी म्हणाले.